शाळा संपली, मुलाला मशिनिस्ट व्हायचंय. आणि ४१व्या वर्षी मलाही काही शिकायचंय

शरयू

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

मुलाची शाळा यंदा संपली. मार्क मध्यम. त्याला मशिनिस्ट, म्हणजे यंत्रावर धातू कापून सुटे भाग बनवणारा कारागीर, व्हायचंय. हे आजचं खूळ नाही. सायकलचं फ्रीव्हील उघडून आतल्या गोळ्या मोजायच्या आणि परत जशाच्या तशा बसवायच्या, हा त्याचा लहानपणापासूनचा उद्योग. घरात मात्र वातावरण तापलंय. सासरे म्हणतात, "आयुष्यभर हात काळे करणार का?" नवरा काहीच बोलत नाही. मला मुलाच्या बाजूने बोलायचंय, पण बोलायला हाताशी माहिती नाही.

दुसरी गोष्ट माझी. पंधरा वर्षं ऑफिसात नोंदी करायचं काम केलं. ते काम आता संगणक परस्पर करतो, त्यामुळे नोकरी गेली. मला फ्रीज-एसीची दुरुस्ती शिकायची आहे. घरातला पंखा, मिक्सर, इस्त्री मीच उघडते. या वयात वर्गात घेतील का? सोळा-सतरा वर्षांच्या मुलांशेजारी बसायचं का? की कुणी हाताखाली घेईल?

आम्हा दोघांसाठी कोर्स कसा पारखायचा एवढंच सांगा. माहितीपत्रकं सगळी सारखीच दिसतात.

---

कानस

शरयूताई, धागा काढलात हे फार चांगलं केलंत. मी बावीस वर्षं मशीन शॉपमध्ये शिकवतोय, तेव्हा मुलाबद्दल आधी लिहितो.

मशिनिस्ट किंवा फिटर व्हायला आलेल्या मुलाच्या हातात पहिल्या दिवशी आम्ही मशीन देत नाही, कानस देतो. लोखंडाचा एक ठोकळा व्हाइसमध्ये बांधायचा आणि सहाही बाजू सपाट आणि एकमेकींशी काटकोनात आणायच्या. गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचं. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचा ठोकळा कडेला उतरता आणि मधे फुगीर होतो, कारण कानस पुढे ढकलताना हात झोके खातो. तो झोका जायला तीन-चार आठवडे लागतात. पालक येऊन विचारतात, "महिनाभर नुसतं घासतोय, शिकवता काय?" त्यांना मी तोच ठोकळा दाखवतो. धातू किती निघाला हे हाताला कळायला लागलं, की पुढे मशीन काय करतंय ते त्याच हाताला कळतं.

त्यानंतर लेथ, म्हणजे जॉब (घडवायचा धातूचा तुकडा) फिरवत ठेवून तो कापणारं यंत्र. टूलला धार लावणं, जॉब चकमध्ये (त्याला पकडणाऱ्या जबड्यात) सेंटर करणं, फीड (टूल पुढे सरकायचा वेग) आणि स्पीड (फिरायचा वेग) ठरवणं. व्हर्नियरवर ०.०२ मिलिमीटर वाचता येतं, मायक्रोमीटरवर ०.०१. मुलगा कानाने शिकायला लागतो: टूल थरथरलं की आवाज बदलतो. चिपचा, म्हणजे कापून निघालेल्या कातरणाचा, रंग बघायला शिकतो: हायस्पीड स्टीलच्या टूलवर निळी चिप आली तर टूल जळतंय, कार्बाइडचं टूल जास्त उष्णता सोसतं, त्यावर तीच निळी चिप चालते. सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारं मशीन, यानंतर. प्रोग्रॅम लिहिणारी मुलं पुष्कळ मिळतात, पण टूल कधी तुटणार हे आवाजावरून ओळखणारा मुलगा मिळाला की कारखाना त्याला सोडत नाही.

म्हणून कोर्स पारखताना पहिला प्रश्न हा विचारा: आठवड्याच्या तासांपैकी किती तास मुलगा स्वतः मशीनवर उभा असतो? मशीन किती आहेत ते विचारू नका, एका मशीनवर किती मुलं ते विचारा. वीस जणांत एक लेथ असेल तर एकोणीस जण बघे. आणि हे फोनवर विचारायचं नाही. प्रात्यक्षिक चालू असताना जाऊन दारात उभं राहायचं.

दुसरा प्रश्न परीक्षेचा. परीक्षा संस्था स्वतःच घेते की बाहेरचं मंडळ घेतं? शिकवणाराच पास करणार असेल तर त्या कागदाला शॉपमध्ये कुणी विचारत नाही.

---

मेघमल्हार

कानससर, ठोकळ्याचं अगदी खरं. माझ्या बाबांनी स्वतःचा ठोकळा अजून कपाटात जपून ठेवलाय. धागा वाचनखुणेत ठेवते.

---

वाटसरू

मी थोडं वेगळं लिहितो, राग मानू नका. माझा मुलगाही असंच म्हणत होता आणि मी त्याला अडवलं. आज तो पदवीधर आहे आणि त्याचं बरं चाललंय. सोळाव्या वर्षी मुलाला काय आवडतं यावर चाळीस वर्षांचा निर्णय घ्यायचा का? ट्रेड शिकला आणि पुढे वाटलं की इंजिनीअर व्हावं, तर परतीची वाट बंद. शिवाय अंगमेहनतीचं काम, पन्नाशीनंतर पाठ आणि गुडघे काय म्हणतील? काळजीपोटी लिहितोय.

---

चकचाबी

@वाटसरू काका, तुमची काळजी समजते, पण वाट बंद होते हे आता बहुतेक ठिकाणी खरं राहिलेलं नाही. मी स्वतः त्या वाटेने गेलोय.

शाळेनंतर दोन वर्षं टर्नरचा, म्हणजे लेथ चालवणाऱ्याचा, ट्रेड, एक वर्ष अप्रेंटिसशिप, मग पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात, डिप्लोमा झाल्यावर इंजिनीअरिंगलाही थेट दुसऱ्या वर्षात. भारतात ही सोय रीतसर आहे. गणितात मला त्रास झाला, अगदी रडकुंडीला आलो, हे मान्य करतो. डिप्लोमाचं पहिलं वर्ष सुटतं, पण त्या वर्षाचं गणित सुटत नाही, ते रात्री बसून स्वतः भरून काढावं लागतं. पण टॉलरन्स (मापात किती कमी-जास्त चालतं) आणि फिट (दोन भाग एकमेकांत किती घट्ट बसतात) शिकवायला लागले तेव्हा वर्गात मला एकट्यालाच ते हातात धरल्यासारखं कळत होतं.

शरयूताई, त्यामुळे तिसरा प्रश्न माझ्याकडून घ्या: या प्रमाणपत्रावर पुढच्या कुठल्या कोर्सला, कितव्या वर्षात प्रवेश मिळतो? उत्तर कॉलेजच्या ऑफिसातून घेऊ नका. जिथे पुढे जायचंय त्या संस्थेच्या प्रवेश नियमांत ते प्रमाणपत्र नावानिशी लिहिलंय का ते पाहा.

पाठ-गुडघ्यांबद्दल काका बरोबर आहेत. म्हणूनच चाळिशीच्या आत लोक सेटिंग, तपासणी, प्रोग्रॅमिंग, प्लॅनिंग, शिकवणं याकडे वळतात. ते वळण आधीपासून डोक्यात ठेवायला हवं.

---

रानजाई

वेगवेगळ्या देशांत हे कसं चालतं ते माझ्या कामाचा भाग म्हणून जवळून पाहिलंय. इथे उपयोगी पडेल तेवढंच लिहिते.

जर्मनीत मुलगा आधी कंपनीशी करार करतो आणि मग शाळेत जातो. आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत, एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत, पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन. १९६९च्या व्यवसाय शिक्षण कायद्यावर हे सगळं उभं आहे. मान्यताप्राप्त व्यवसाय तीनशेहून जास्त, मुदत साधारण दोन ते साडेतीन वर्षं. मशिनिंगला साडेतीन. शेवटची परीक्षा उद्योगांचं चेंबर घेतं आणि परीक्षक मंडळात मालकांचे प्रतिनिधी, कामगारांचे प्रतिनिधी आणि शिक्षक असे तिघेही असतात. कानससरांचा दुसरा प्रश्न तिथे मुळातच सुटलेला आहे.

स्वित्झर्लंडमध्ये तर शाळा संपल्यावर सुमारे दोन तृतीयांश मुलं हीच वाट धरतात. त्यातल्या ज्यांना पुढे शिकायचंय त्यांच्यासाठी व्यवसाय शिक्षणाबरोबर देता येणारी वेगळी परीक्षा आहे. ती दिली की उपयोजित विज्ञानाच्या विद्यापीठाचं दार उघडतं. वाटसरू काका, तिथे बँकेतल्या अधिकाऱ्यानेही सुरुवात अप्रेंटिस म्हणून केली, यात कुणाला वेगळं काही वाटत नाही.

अमेरिकेत नोंदणीकृत अप्रेंटिसशिपमध्ये तासांनुसार मोजायचं असेल तर कामावरचे किमान २,००० तास लागतात, आणि त्याच्या जोडीला वर्षाला १४४ तास वर्गातलं शिक्षण असावं अशी शिफारस आहे. इंग्लंडमध्ये २०२०पासून सुरू झालेल्या टी लेव्हल या व्यवसायाभिमुख अभ्यासक्रमात किमान ४५ दिवस प्रत्यक्ष उद्योगात घालवावे लागतात. भारतात आयटीआयची कारागीर प्रशिक्षण योजना १९५०पासून आहे आणि शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१चा. तिथे दोन वेगळे कागद मिळतात: ट्रेडचा एक, अप्रेंटिसशिपचा दुसरा. पुष्कळ मुलं पहिला घेऊन थांबतात. दुसरा सोडू नये असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगते.

हे आकडे सांगायचं कारण एवढंच, की देश कुठलाही असो, कोर्स पाहताना "कामाच्या जागी किती तास?" याचं उत्तर आकड्यात मागा. "इंडस्ट्री एक्स्पोजर" असं मोघम लिहिलेलं असेल तर बहुतेक वेळा एका दिवसाची कारखाना भेट निघते.

---

वाटसरू

चकचाबी, रानजाई, मनापासून आभार. बँकेचं उदाहरण मला माहीत नव्हतं. मी माझ्या काळच्या हिशेबाने बोलत होतो.

---

दुसरी पाळी

शरयूताई, तुमच्या भागाबद्दल अजून कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. मी ३९व्या वर्षी इलेक्ट्रिशियनचं शिक्षण सुरू केलं. आता ४६.

वर्गात घेतात. आयटीआयच्या प्रवेशाला किमान वयाची अट असते, कमाल वयाची नसते. तरुण मुलांची भीती मलाही होती. पहिले आठ दिवस ती मुलं मला शिक्षक समजून उठून उभी राहायची. महिन्याभरात सर्किटची आकृती मी त्यांना समजावायला लागलो आणि वर चढायची, वाकायची कामं ती आपणहून करायला लागली. आपल्याला एक गोष्ट जास्त येते: न समजलेलं लगेच विचारणं. लाज वाटायचं वय निघून गेलेलं असतं.

खरी अडचण वेळेची. दिवसभराचा कोर्स घेतला तर घर कसं चालणार? मी संध्याकाळची बॅच घेतली. मुदत जवळजवळ दुप्पट झाली, पण दिवसा काम चालू राहिलं. यात एक खोच आहे. संध्याकाळच्या बॅचला प्रात्यक्षिकाचे तास कापले जात नाहीत ना, ते आधी पाहा. आमच्याकडे पहिल्या सत्रात कापले जात होते. आम्ही सगळ्यांनी मिळून लेखी मागणी केली तेव्हा शनिवारची कार्यशाळा सुरू झाली.

आणि परवाना. वीज, गॅस, रेफ्रिजरंट (फ्रीज-एसीत थंडावा आणणारा वायू) या तिन्हींत कोर्स पूर्ण झाला म्हणजे काम करायची परवानगी मिळाली असं नसतं. पुष्कळ ठिकाणी परवाना वेगळा, परीक्षा वेगळी, देखरेखीखालच्या अनुभवाची अट वेगळी. ही साखळी शेवटापासून सुरुवातीकडे वाचा. आधी परवान्याची अट शोधा, मग ती अट भागवणारा कोर्स शोधा. मी उलटं केलं आणि माझं एक वर्ष गेलं.

---

शरयू

दुसरी पाळी दादा, तुमचं वाचून रात्री खूप वेळ झोप लागली नाही, चांगल्या अर्थाने. परवान्याचं माझ्या डोक्यातही नव्हतं.

एक विचारू? माझ्या शेजारचे एक काका वीस वर्षं एसीचं काम करतात, हाताला गुण आहे, पण कागद एकही नाही. ते म्हणतात, "तूच शिक ताई, आता मला कोण उभं करणार?" त्यांच्यासाठी काही आहे का?

---

रानजाई

आहे, आणि हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. पूर्वानुभवाची मान्यता असं त्याला म्हणतात. माणसाला काय येतं ते तपासायचं, तो कुठे शिकला ते विचारायचं नाही.

ऑस्ट्रेलियात हे पक्कं रुजलंय. तिथल्या टेफ, म्हणजे सरकारी व्यवसाय शिक्षणाच्या, कॉलेजांत प्रत्येक कौशल्य लहान लहान घटकांत मोडलेलं असतं. उमेदवाराने केलेल्या कामाचे फोटो, जुनी बिलं, मालकाचं पत्र असे पुरावे द्यायचे, मग परीक्षकासमोर प्रत्यक्ष काम करून दाखवायचं. जे घटक येतात ते सुटतात, उरलेले तेवढे शिकायचे. निकालही "सक्षम" किंवा "अजून सक्षम नाही" असा. नापास हा शब्दच नाही. जर्मनीत एखाद्या व्यवसायाच्या प्रशिक्षणाला जेवढी मुदत आहे, तिच्या दीडपट काळ तुम्ही ते काम केलेलं असेल तर शिक्षण न घेता थेट अंतिम परीक्षेला बसता येतं. भारतातही कौशल्य योजनांत पूर्वानुभव तपासून प्रमाणपत्र देतात.

काकांना आजपासून एक वही करायला सांगा. तारीख, कुठलं युनिट, काय बिघाड होता, काय केलं, आधीचे-नंतरचे फोटो. वीस वर्षांचं काम डोक्यात आहे, ते कागदावर यायला हवं. परीक्षक बिघाडाचं कारण विचारतो तेव्हा अनुभवी माणसं अडखळतात, कारण हात बरोबर जातो पण शब्द येत नाही. वही लिहिली की शब्द यायला लागतात.

---

ठिणगी

मी वेल्डर आहे. बायकांचा विषय निघालाच आहे तर लिहिते.

आमच्या बॅचला मी एकटी मुलगी होते. कार्यशाळेत बायकांचं स्वच्छतागृह नव्हतं, माझ्या मापाचे हातमोजे नव्हते. सैल हातमोज्यात होल्डर (वेल्डिंगचा रॉड धरायची मूठ) स्थिर राहत नाही आणि बीड, म्हणजे वेल्डची रेघ, नागमोडी येतो. मला वाटायचं माझाच हात वाईट. मापाचे हातमोजे स्वतः आणले आणि आठवड्यात बीड सरळ आला. शरयूताई, जागा पाहायला जाल तेव्हा या दोन गोष्टी आधी विचारा: स्वच्छतागृह आणि मापाची सुरक्षा साधनं. उत्तर देताना समोरचा चाचरला तर समजायचं.

वेल्ड कुठल्या पोझिशनमध्ये मारायची याबद्दल कुणी सांगत नाही म्हणून सांगते. आडव्या प्लेटवर खाली बघून मारलेली वेल्ड म्हणजे १जी. ती कुणालाही जमते. उभी ३जी, डोक्यावरची ४जी, आणि ४५ अंशात तिरका बांधलेला पाइप, जो फिरवता येत नाही, तो ६जी. मागणी त्या शेवटच्याला. कित्येक छोट्या कोर्सेसमध्ये १जी आणि २जी (उभ्या प्लेटवरची आडवी वेल्ड) शिकवून "वेल्डर" असा कागद देतात. माझी पहिली संस्था तशीच होती. नाव लिहीत नाही. चार महिन्यांत मला एकदाही उभी वेल्ड मारू दिली नाही, रॉड वाचवायला सांगायचे. कामावर गेले तेव्हा पहिल्याच चाचणीत प्लेट वाकवून बघितली आणि ती मुळाशी उकलली. त्या दिवशी घरी जाऊन खूप रडले. नंतर दुसरीकडे पुन्हा सुरुवातीपासून शिकले. लो-हायड्रोजन रॉड ओव्हनमध्ये का ठेवतात, ओलावा लागला तर वेल्डला नंतर तडे का जातात, हे तिथे पहिल्यांदा कळलं.

कुठलाही ट्रेड घ्या, "अभ्यासक्रमात सगळ्यात अवघड काम कोणतं आणि ते प्रत्येक जण किती वेळा करतो?" हे विचारा.

---

मेघमल्हार

ठिणगी, तुमचा प्रतिसाद माझ्या भाचीला वाचायला दिला. तिला तुमच्याशी बोलायचंय, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तर चालेल का?

---

ठिणगी

नक्की कर म्हणावं. तिला हवं ते विचारू दे.

---

गारवा

उशिरा आलो. एसी-रेफ्रिजरेशनमध्येच काम करतो, म्हणून शरयूताईंसाठी.

तुमचं वय अडचणीचं नाही. या कामात ताकदीपेक्षा धीर लागतो. कोर्स चांगला की नाही हे मी दोन गोष्टींवरून ओळखतो. एक, तांब्याच्या नळीला ब्रेझिंग (दुसरा धातू वितळवून सांधा जोडणं) करताना आतून नायट्रोजन सोडायला शिकवतात का? नाही सोडला तर नळीत आतून काळी पापडी धरते आणि तीच पुढे बारीक वाटा बुजवते. दोन, यंत्रातली हवा आणि ओल काढणारा व्हॅक्यूम पंप लावल्यावर मायक्रॉन गेज, म्हणजे आत किती दाब उरला ते बारकाईने दाखवणारं मापक, लावतात का? नुसतं "अर्धा तास पंप चालव" असं शिकवत असतील तर ती जागा सोडा. ५०० मायक्रॉनच्या खाली नेऊन, पंप बंद करून, काटा परत चढतो का ते पाहायचं असतं. चढला तर आत ओल आहे किंवा गळती आहे.

अजून एक. नव्या यंत्रांत आर-३२ येतो, तो सौम्य ज्वलनशील आहे. घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, तो तर सरळ पेट घेणारा. जुन्या पद्धतीने शिकलेली माणसं इथे अपघात करतात. कोर्समध्ये ज्वलनशील रेफ्रिजरंटचा स्वतंत्र भाग आहे का, ते पाहाच. युरोपात असे वायू हाताळायला प्रमाणपत्र सक्तीचं आहे. आणि तुमच्या शेजारच्या काकांनाही त्या भागाला बसवा. वीस वर्षांचा अनुभव असला तरी हा वायू त्यांच्या सवयीचा नाही.

ऑफिसातल्या पंधरा वर्षांना कमी लेखू नका. आमच्याकडे चांगले मेकॅनिक आहेत, पण कुठल्या यंत्रात किती वायू भरला याची नोंद नीट ठेवणारा माणूस मिळत नाही.

---

कानस

गारवा, फार नेमकं लिहिलंत.

ताई, मुलाला घेऊन जाल तेव्हा अजून एक करा. सुट्टीच्या वेळी दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी त्याला एकट्याला बोलू द्या. आपण दूर थांबायचं. आणि सासऱ्यांनाही न्या. मी असे कित्येक आजोबा पाहिलेत, जे दारात कपाळाला आठ्या घालून येतात आणि लेथवरून चकाकता जॉब उतरताना पाहून हातात घेतात, बोट फिरवतात, आणि मग परत द्यायला विसरतात.

---

शरयू

तीन आठवड्यांनी लिहितेय.

तीन जागा पाहिल्या. पहिल्या ठिकाणी कार्यशाळेला कुलूप होतं, चावी असलेला माणूस रजेवर. दुसरीकडे मशीन नवीकोरी, पण सगळ्यांवर कव्हरं आणि कव्हरांवर धूळ. तिसरी इमारत जुनी, रंग उडालेला, पण आत एका लेथला दोन मुलं. परीक्षा बाहेरच्या मंडळाची आणि शेवटचं वर्ष कारखान्यात. प्रवेश नियमही वाचले. पुढे डिप्लोमाला दुसऱ्या वर्षात जाता येतं असं त्यात ट्रेडच्या नावासकट लिहिलंय. अर्ज तिथेच भरला.

सासरे आले होते. जॉब हातात घेतला नाही, पण तिथल्या सरांना विचारलं, "हे डोळ्यांना दिसत नाही एवढं कमी-जास्त मोजता कसं?" सरांनी त्यांच्या हातात मायक्रोमीटर दिला आणि त्यांचाच एक केस मोजायला लावला. ०.०७ आला. घरी येईपर्यंत तोच विषय.

माझं म्हणाल तर संध्याकाळची बॅच मिळतेय. गेज आणि नायट्रोजन दोन्ही विचारलं. सर हसले आणि म्हणाले, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" ज्वलनशील वायूंचा भाग आहे, पण शेवटच्या सत्रात. तो आधी घेता येईल का, असं लेखी विचारलंय. काकांनी वही सुरू केली, सतरा नोंदी झाल्या. अक्षर लागत नाही म्हणून ते सांगतात आणि मी लिहिते.

गारवा, एक शंका उरलीच. पंप बंद केल्यावर काटा थोडा चढून थांबला तर ती ओल, आणि चढतच राहिला तर गळती, असं काका म्हणतात. बरोबर आहे का?

---

गारवा

बरोबर आहे. काकांना म्हणावं, हे त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा.